सुरूचं जिवंत कुंपण: खड्ड्यापासून तिसऱ्या वर्षाच्या छाटणीपर्यंत

सुरू वाढतो का, ही चिंता कुणी करू नये. निचऱ्याची जमीन आणि पहिले दोन उन्हाळे पाणी एवढं मिळालं, तर तो वर्षाला पाच-सात फूट सहज चढतो. बारा महिने हिरवा राहतो, खारा वारा सोसतो, मुळांवरच्या गाठींमुळे नत्राची बरीचशी सोय स्वतःच लावतो. नवख्यांची फसगत होते ती बुडाशी. तीन वर्षांनी पाहावं तर पंधरा फुटांवर हिरवे शेंडे डोलताहेत आणि खाली कंबरेपर्यंत नुसते सोट. शेळ्या, धूळ, वारा, रस्त्यावरच्यांची नजर, सगळं त्यातून आरपार. उंची झाड आपली आपण घेतं, दाटपणा मात्र कात्रीनं आणावा लागतो आणि तो पहिल्या दोन वर्षांतच आणता येतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ठरवा: आडोसा हवा की वारा अडवायचाय?

ही दोन कामं वेगळी आहेत. फार्महाउस किंवा प्लॉटभोवतीचा आडोसा म्हणजे सात-आठ फुटांवर छाटून ठेवलेली हिरवी भिंत. बागेच्या पश्चिमेचा वारारोधक पट्टा म्हणजे वीस-तीस फूट चढू दिलेली दोन ओळींची रांग. अंतर वेगळं, छाटणी वेगळी. दोन्ही एकाच ओळीतून साधायला गेलं की ना आडोसा होतो ना वारा अडतो.

वाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट पटायला वेळ लागते: पट्टा पूर्ण बंद नको. भिंतीसारखा घट्ट पट्टा असला की वारा त्यावरून उसळून पलीकडे भोवरा करत खाली येतो आणि केळीची पानं तिथंच फाटतात. साधारण निम्मा वारा गाळून जाऊ देणारा पट्टा चांगला. असा पट्टा आपल्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. वीस फुटी रांग असेल तर दोनशे ते तीनशे फूट. रांग वाऱ्याला आडवी हवी. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, जळगावकडच्या केळीला उन्हाळ्यातला पश्चिमेचा गरम वारा जाळतो, म्हणून बहुतेक ठिकाणी पश्चिम आणि दक्षिण या दोन बाजू आधी धराव्यात. चारही बाजू बंद करायची घाई नको, आतली हवा कोंडते आणि द्राक्षासारख्या पिकात भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांना आमंत्रण मिळतं. रांगेत गाडीसाठी फट ठेवायची असेल तर ती तिरकी ठेवा. सरळ फटीतून वारा उलट जास्त जोरानं घुसतो.

सुरू कुठे लावू नये

पाणी साचणारी भारी काळी जमीन त्याला मानवत नाही. तिथं लावायचाच असेल तर फूटभर उंच वरंबा करून वरंब्यावर लावा. घराच्या पायापासून, विहिरीच्या काठापासून आणि पाइपलाइनपासून किमान पंधरा फूट दूर. विजेच्या तारांखाली अजिबात नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या मोकळ्या वाळूत आपण होऊन लावू नका. वेळास-आंजर्ल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला त्याच वाळूत येतात.

शहरातल्या प्लॉटला कंपाउंडलगत तीनच फूट पट्टा असेल तर सुरू विसरा आणि कामिनी लावा, दीड-दीड फुटावर. वाढते हळू, पण कात्री उत्तम सोसते आणि बुडापासून भरलेली राहते. जनावरांपासून राखण एवढाच हेतू असेल तर विलायती चिंच किंवा करवंद बरं. विलायती चिंचेचं बी जागेवरच टोकता येतं आणि दोन्ही काटेरी. झटपट हिरवं म्हणून कोनोकार्पसची रोपं अजूनही कुठे कुठे विकायला असतात. ती घेऊ नका. परागकणांचा त्रास आणि पाइप, गटारं उखडणारी मुळं यांवरून गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आखणी आणि रोपांचा हिशोब

आडोशासाठी एक ओळ, दोन रोपांत दोन फूट. शंभर फुटांना ५१ रोपं. वारारोधकासाठी दोन ओळी, ओळींत पाच फूट आणि रोपांत चार फूट, दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध. एकरभर चौकोनी शेताची एक बाजू साधारण २१० फूट भरते. म्हणजे पहिल्या ओळीत ५३, दुसरीत ५२, वर दहा टक्के मर धरून ११६ रोपं. ही जादा अकरा रोपं खड्ड्यात न लावता मोठ्या पिशवीत लावून बाजूला वाढवा. पुढच्या पावसाळ्यात तूट भरताना त्याच वयाचं रोप हाती राहतं. नर्सरीतून नवं पिल्लू आणून सात फुटी झाडांच्या मध्ये लावलं तर ते सावलीत कधीच वर येत नाही.

बांधापासून पाच फूट आत या. हद्दीवरच लावलेलं झाड पुढे कुणाचं आणि छाटायचं कुणी, यावरून गावोगाव भांडणं आहेत. आतल्या बाजूला पीक आणि सुरू यांत बारा ते पंधरा फूट सोडा. ही जागा वाया जात नाही, बैलगाडी-ट्रॅक्टरला वाट होते.

खड्डे

एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मुरमाड जमिनीत दोन फूट. आडोशासाठी सुटे खड्डे खणण्यापेक्षा सलग दीड फुटी चर काढलेला सोपा आणि सारखा. वरच्या अर्ध्या फुटाची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती आधी आत जाते.

एका खड्ड्याला एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळून भरा. कच्चं शेण घातलं तर वाळवी आणि हुमणी दोन्ही येतात, आणि सुरूची कोवळी मुळं दोघांनाही आवडतात.

एक गोष्ट खतापेक्षा मोलाची. जवळपास जुना, निरोगी सुरू असेल तर त्याच्या बुडापासून दोन-तीन फुटांवर वीतभर माती उकरा. बारीक मुळांवर तपकिरी, फांद्या फुटलेल्या गाठींचे घड दिसतील. फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव त्यात राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. त्या गाठी कुस्करून तिथल्याच मातीत मिसळा आणि ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका. नव्या मुरमाड जमिनीत, जिथं पूर्वी सुरू नव्हता तिथं, याचा फरक पहिल्याच वर्षी पानाच्या रंगात दिसतो. ज्या बनात झाडं वाळताहेत तिथली माती मात्र चुकूनही आणू नका, तिच्याबरोबर रोगही येतो.

रोप कसं निवडायचं

सहा ते नऊ महिन्यांचं, दीड-दोन फुटी, पेन्सिलीएवढ्या जाडीचं, बुडाशी लाकूड झालेलं रोप घ्या. पाच फुटी रोप बघायला छान आणि कुंपणाला निकामी: त्याची खालची फूट नर्सरीतल्या दाटीतच झडलेली असते आणि मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात. असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही गुंडाळलेलंच राहतं. तीन-चार वर्षांनी पहिल्या वादळात तेच झाड मुळासकट आडवं होतं.

निवडताना पिशवी उचलून तळ बघा. पांढरी मुळं जेमतेम डोकावत असतील तर उत्तम. जाड मूळ पिशवी फोडून जमिनीत गेलेलं असेल तर ते उपटताना तुटलेलंच असणार, रोप सोडून द्या. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर रोपं मिळतात, पण नोंदणी मेमध्येच करून ठेवावी लागते. नर्सरीत सावलीत असलेलं रोप आणलं तर आठवडाभर उन्हात ठेवून, पाणी थोडं कमी करून कणखर करा.

लागवड

दोन-तीन चांगले पाऊस होऊन दीड फुटापर्यंत ओल गेली की लावा. बहुतेक ठिकाणी जूनअखेर ते जुलैचा मध्य. भारी पावसाच्या कोकणात आणि काळ्या जमिनीत ऑगस्टअखेर लावलेलं बरं, पण मग हिवाळ्यात पाण्याची सोय पक्की हवी.

लावण्याआधी पिशवी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. ब्लेडनं पिशवी बाजूनं चिरा आणि तळाची दोन बोटं माती मुळांसकट कापून टाका; गोल फिरलेली मुळं इथंच जातात. मातीचा गोळा न फोडता खड्ड्यात ठेवा. पिशवीत खोड जिथवर मातीत होतं तिथवरच नव्या जागी हवं. खोल गाडलं तर बुडाची साल कुजते. माती पायाच्या टाचेनं नव्हे, हातानं दाबा. बाजूला तीन फुटी बांबूची काठी रोवून सुतळीचा सैल आठाचा फास बांधा आणि रिकाम्या पिशव्या गोळा करून घेऊन या, शेतात सोडू नका.

दोन फूट व्यासाचं आळं करा. पावसाळ्यात आळं बाहेरच्या बाजूनं फोडून ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बांधा. आळ्यात पाचट किंवा सुका पाला चार बोटं जाड घाला, मात्र खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकलेल्या आच्छादनाखालून वाळवी चढते.

पाणी आणि खत

पाऊस उघडला तर पहिला महिना एक दिवसाआड पाच लिटर. हिवाळ्यात चार दिवसांनी आठ-दहा लिटर. पहिल्या मार्च ते जूनमध्ये एक दिवसाआड दहा-बारा लिटर; या चार महिन्यांत आठवडाभर पाणी चुकलं तर जी रोपं मरतात त्यांची जागा पुढे कायम फट म्हणून राहते. ठिबक असेल तर रोपाला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर, खोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर, दीड तास. दुसऱ्या वर्षी ड्रीपर दीड फूट लांब सरकवा. ते खोडाशीच राहिले तर मुळंही तिथंच घुटमळतात. दुसरा उन्हाळा पाच-सहा दिवसांनी पण भरपूर पाणी. तिसऱ्यापासून निचऱ्याच्या खोल जमिनीत पंधरा-वीस दिवसांनी पुरतं.

खताचं फार मनावर घेऊ नका. दर जूनला अर्धं घमेलं शेणखत आणि पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये ५० ग्रॅम १०:२६:२६ हे मिश्र खत एवढं बास. युरिया नको: शेंडा लांबट आणि लुसलुशीत धावतो, बुडाची फूट मागे पडते, आणि जमिनीत आयता नत्र असला की मुळं गाठी धरत नाहीत.

छाटणी: खरं काम इथे

सुरूची एक काडी तोडून बघा. जी हिरवी सुई दिसते ते पान नाही, ती बारीक डहाळी आहे. तिला बारीक सांधे असतात, ओढली की पेरापेरातून सुटते, आणि प्रत्येक सांध्यावर सात-आठ नखुल्याएवढीही नसलेली खवल्यांची पानं कडं करून असतात. अन्न तयार करणारा हिरवा भाग म्हणजे ही डहाळीच. ती झडून फांदी तपकिरी, उघडी झाली की त्या लाकडातून पुन्हा फूट येण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून सुरूची छाटणी नेहमी हिरव्यातच करायची. मेंदी बुडापासून कापली तरी फुटते, तसं इथं चालत नाही.

आडोशाच्या ओळीची पहिली छाटणी सप्टेंबरअखेर. तोवर मुळं धरून नवा शेंडा वीतभर आलेला असतो. रोप अडीच-तीन फूट असेल; ते दीड फुटावर सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या हातकात्रीनं, कापा. जीव तुटतो, पण कापाच. कापाखाली किमान पाच-सहा हिरव्या बाजूफांद्या राहिल्या पाहिजेत. तेवढ्या नसतील तर थोडं वर कापा. महिनाभरात दोन-तीन शेंडे वर धावू लागतील. आडोशात त्यांना धावू द्या. वारारोधकाच्या ओळीत शेंडा कापायचाच नाही, आणि दोन शेंडे आले तर सरळ असलेला ठेवून दुसरा काढायचा.

त्यानंतर वर्षाला चार छाटण्या: जानेवारीअखेर, जूनअखेर, ऑगस्टअखेर आणि ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक वेळी मागच्या कापाच्या वर वीतभर उंची राखायची आणि बाकी उडवायची. बाजूंची फक्त टोकं, दोन-तीन इंच, म्हणजे फांद्या आतून फुटत जातात. या हिशोबानं वर्षाला सुमारे तीन फूट उंची मिळते आणि आठ फुटांना सव्वादोन-अडीच वर्षं लागतात. न कापता वाढवलेला सुरू हीच उंची वर्षभरात गाठतो, त्यामुळे शेजारची ओळ बघून मन डळमळतं. तिसऱ्या वर्षी दोन्ही ओळींचं बूड बघावं.

आकार खाली रुंद, वर अरुंद: बुडाशी तीन फूट, माथ्यावर पावणेदोन-दोन. माथा रुंद सुटला की तळावर सावली पडते आणि सावलीतली डहाळी तपकिरी होऊन झडते. डोळ्यांवर विसंबू नका. दोन टोकांना दोन काठ्या हव्या त्या तिरप्यात रोवून सुतळी ताणा आणि तिच्या रेषेत कात्री चालवा. हव्या उंचीच्या फूटभर खालीच माथा पहिल्यांदा कापा, वरचा फूट दाट फुटीनं भरू द्या.

मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत कात्री लावू नका. आतल्या कोवळ्या डहाळ्या एकदम उघड्या पडून करपतात. रोगट झाडावर चालवलेली कात्री पुढच्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटनं पुसून घ्या.

वारारोधक पट्ट्याचं बूड चौथ्या-पाचव्या वर्षी रिकामं होणारच. त्याला उपाय छाटणी नाही, सोबतीला आणखी एक बुटकी ओळ आहे. पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्याकडच्या बाजूला, सुरू आणि बांध यांच्या मध्ये, अडुळशाची कांडी तीन-तीन फुटांवर लावा. बारमाही हिरवा, फुकटात मिळतो, आणि शेळ्या तोंड लावत नाहीत.

काय बिघडतं आणि का

खोडावर भुशाच्या आणि विष्ठेच्या जाळीदार वेड्यावाकड्या पट्ट्या दिसल्या तर ती साल खाणारी अळी. पट्टी झाडून काढा, तिच्या टोकाशी छिद्र सापडेल. त्यात तार घालून अळी मारा, रॉकेलचा बोळा कोंबा आणि वर चिखल लिंपा. पावसानंतर ऑक्टोबरमध्ये एकदा सगळी ओळ या नजरेनं फिरून या.

मातीची नळी खोडावर चढलेली असेल तर वाळवी. नळी मोडा, आच्छादन लांब करा, पाणी द्या. तहानलेल्या झाडावरच ती जास्त येते.

सालीवर फोड येऊन ते फुटले आणि आतून काळी भुकटी निघाली, वरून झाड पिवळं पडत वाळलं, तर तो बुरशीचा रोग आहे आणि ते झाड वाचत नाही. मुळासकट काढून तिथंच जाळा, शेजारच्या दोन झाडांच्या आणि त्या खड्ड्याच्या मध्ये दोन फूट खोल चर काढून मुळांचा संबंध तोडा. त्या जागी पुन्हा सुरू नको.

पावसाळ्यात सखल भागातली चार-पाच झाडं सलग पिवळी पडली तर औषध शोधू नका, पाण्याला वाट काढून द्या.

शेजारच्या पिकाची पहिली ओळ खुरटली तर सुरूची मुळं तिथवर पोचली आहेत. आतल्या बाजूनं, खोडापासून सहा फुटांवर, दोन-तीन फूट खोल चर दर वर्षाआड काढून मुळं तोडा. एकाच वर्षी दोन्ही बाजूंनी तोडू नका, झाड वाऱ्याला तोलत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं मोठ्या संख्येनं आडवी झाली. सैल वाळूतली वरवरची मुळं आणि उंच झाडांचा भार असा मेळ बसला की ती उभी राहत नाहीत. घराच्या बाजूच्या रांगेची उंची घर आणि रांग यांतल्या अंतरापेक्षा कमी ठेवा.

सुरूखाली सुया गादीसारख्या साचतात आणि उन्हाळ्यात त्या काडीपेटीच्या एका ठिणगीनं पेटतात. फेब्रुवारीत गोळा करून खड्ड्यात कुजवा आणि रांगेच्या बाहेरून चार फुटी पट्टा नांगरून ठेवा. बांध जाळायची सवय असलेल्या शेजाऱ्याला त्याच महिन्यात जाऊन सांगा.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून मेलेलं किंवा रोगट झाड काढण्याआधी त्याचे फोटो काढून अर्ज करा.